‘आता घरी घेऊन जा’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावर पुढे काय? घरच्या घरी पॅलिएटिव्ह केअर कशी द्यायची?

पारशिवनी ते नागपूर हे अंतर साधारण ४० किलोमीटर. कॉलेजसाठी, कामासाठी, दवाखान्यासाठी तालुक्यातले कितीतरी लोक रोज ही ये-जा करतात. अंतर तसं फार नाही.

पण समजा घरात तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण आहे. रात्रीचे दोन वाजलेत. त्याला पाणीही गिळता येत नाहीये आणि दुखणं थांबायचं नाव घेत नाहीये. अशा वेळी हेच ४० किलोमीटर संपता संपत नाहीत. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या कोलितमाऱ्यासारख्या गावातून तर आधी पारशिवनी गाठायची आणि मग नागपूर.

मोठ्या आजारावरचे उपचार नागपुरात होतात. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अशी मोठी रुग्णालयं तिथे आहेत. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं तिथेच होतं. आणि मग काही रुग्णांच्या बाबतीत एक दिवस असा येतो, की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, “आता घरी घेऊन जा, सेवा करा.”

हे ऐकून घरच्यांना वाटतं, उपचार संपले.

खरं तर तेव्हा आजार बरा करण्याचे उपचार संपलेले असतात. दुखणं, धाप, उलटी, जखमेचा वास, झोप न येणं, भीती या सगळ्यांवर उपचार असतात आणि त्यातले बरेचसे घरी करता येतात. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती नेमकी काय असते, तिच्यासाठी कोणाकडे जायचं आणि नागपूरहून घरी निघण्याआधी डॉक्टरांना काय विचारून घ्यायचं, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय?

मराठीत तिला उपशामक सेवा किंवा परिहार सेवा म्हणतात. आजार पूर्ण बरा होण्यासारखा नसला, तरी त्यामुळे होणारा त्रास कमी करायचा आणि रुग्णाचे उरलेले दिवस, महिने किंवा वर्षं जमेल तितकी सुसह्य करायची, हे या उपचाराचं काम.

या विचाराची आधुनिक सुरुवात लंडनमध्ये झाली. नर्स, समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये तिथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, असं त्या सांगायच्या. पैशांची चिंता, मुलांचं काय होणार ही काळजी, ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न, हे सगळं मिळून ते दुखणं होतं.

भारतातलं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रातच सुरू झालं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसुझा यांनी शांती अवेदना सदन उभं केलं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिन हा स्वतंत्र विभाग आहे. नागपुरात स्नेहांचल ही संस्था शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी काम करते.

ही फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

आजार गंभीर आहे हे कळलं त्या दिवसापासून, मूळ उपचारांच्या जोडीनेच ती सुरू करता येते. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि खूप गाजला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, ते इतरांपेक्षा कमी निराश होते, त्यांचं रोजचं जगणं बरं होतं आणि ते सरासरी अडीच महिन्यांहून जास्त जगले.

म्हणून डॉक्टरांनी ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द उच्चारला म्हणजे त्यांनी आशा सोडली, असं समजायचं कारण नाही.

कोणाकोणाला तिची गरज लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. ती प्रत्यक्षात मिळते फक्त १४ टक्के लोकांना.

यात कॅन्सरचे रुग्ण असतातच. पण किडनी निकामी झालेले, हृदय कमजोर झालेले, फुप्फुसांचा जुनाट आजार असलेले, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, असाध्य आजार असलेली लहान मुलं, हे सगळे यात येतात.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, खर्रा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ लोक धूर नसलेला, म्हणजे चघळायचा किंवा दातांना लावायचा तंबाखू वापरत असल्याचं आढळलं होतं. विदर्भात तो मुख्यतः खर्ऱ्याच्या रूपात तोंडात जातो आणि तोंडाच्या कॅन्सरचं हे मोठं कारण आहे. हा कॅन्सर वाढला की खाणं, बोलणं, गिळणं सगळंच अवघड होतं. दुसरी, सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो. त्यात येणारे तीव्र वेदनांचे झटके तरुण मुलामुलींनाही सोसावे लागतात. त्यांनाही वेदना कमी करणारे योग्य उपचार मिळायला हवेत.

दुखणं खरंच थांबवता येतं का?

बहुतेक वेळा हो. पूर्ण थांबलं नाही, तरी झोप लागेल आणि चार शब्द बोलता येतील इतकं नक्कीच कमी करता येतं.

कॅन्सरच्या तीव्र वेदनांवरचं मुख्य औषध म्हणजे मॉर्फिन. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. गोळीच्या रूपात ते तोंडाने घेता येतं आणि इतर अनेक महागड्या औषधांच्या तुलनेत खूप स्वस्त आहे. तरीही त्याचं नाव काढलं की घरचे घाबरतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न असे:

‘सवय लागेल का?’ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यासाठी, ठरलेल्या डोसमध्ये घेतलं तर व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. मात्र शरीराला त्याची सवय होते. म्हणून ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही. डॉक्टर हळूहळू डोस कमी करून बंद करतात.

‘मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला का?’ मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, किती दिवस उरलेत यावर नाही. काही रुग्ण ते कित्येक महिने घेतात आणि घरातली छोटी-मोठी कामंही करतात.

‘याने श्वास थांबतो का?’ डोस कमी प्रमाणात सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवला तर ते सुरक्षित असतं. मनाने डोस वाढवणं किंवा दुसऱ्याची गोळी घेणं मात्र धोकादायक आहे. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल आणि श्वास खूप संथ झाला असेल, तर लगेच डॉक्टरांशी बोला.

मॉर्फिन घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, साधी गोळी घड्याळ बघून, सहसा दर चार तासांनी द्यायची असते. ‘दुखेल तेव्हा बघू’ असं म्हणत थांबलो, तर दुखणं पुढे निघून जातं आणि मग ते आवरायला जास्त औषध लागतं. दोन, मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. तीन, पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते. ती सहसा कमी होते. तेवढ्यावरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

मग मॉर्फिन सहज मिळत का नाही?

यात एक विचित्र गोष्ट आहे. मॉर्फिन अफूपासून बनतं आणि कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे. तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, भारतातल्या रुग्णांना जितकं वेदनाशामक औषध लागतं, त्याच्या फक्त ४ टक्के इथे पोचत होतं. कॅनडात मात्र गरजेच्या तीस पट.

याचं मोठं कारण कायदा. अमली पदार्थांचा गैरवापर रोखण्यासाठी १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. तेव्हापासून रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागायचे. एकाची मुदत संपायची, दुसरा यायचा बाकी असायचा. बऱ्याच रुग्णालयांनी नादच सोडला. डॉक्टरांच्या एका पिढीला ते वापरायची सवयच राहिली नाही.

केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आता मॉर्फिनसारखी औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ मानली जातात. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता घेतली की रुग्णालय ती ठेवू शकतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं.

कायदा बदलला, पण प्रत्येक गावापर्यंत औषध अजून आलेलं नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये मॉर्फिन मिळेल, असं धरून चालू नका. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

नागपूरहून निघण्याआधी डॉक्टरांना काय विचाराल?

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते. बिल, फाइल, गाडी यातच सगळे गुंतलेले असतात. पण एकदा घरी पोचलात की प्रत्येक छोट्या प्रश्नासाठी पुन्हा ४० किलोमीटर जावं लागू शकतं. म्हणून निघण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या:

• या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर किंवा वेदना उपचार विभाग आहे का? आम्हाला तिथे नाव नोंदवून द्याल का?
• दुखण्याची औषधं किती दिवसांची देताय? संपली की कुठून घ्यायची? रुग्णाला न आणता नातेवाइकाला नेता येतील का?
• दोन डोसच्या मध्येच दुखणं वाढलं तर काय द्यायचं?
• येत्या काही आठवड्यांत कोणता त्रास होऊ शकतो? रक्तस्राव, धाप, झटके यांची शक्यता आहे का? तेव्हा काय करायचं?
• रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
• नळी असेल, जखम असेल तर ती कशी सांभाळायची ते आमच्यासमोर करून दाखवाल का?
• गावच्या डॉक्टरांसाठी आजार, औषधं आणि डोस लिहिलेली चिठ्ठी द्याल का?

शेवटचा प्रश्न अजिबात विसरू नका. ती चिठ्ठी हातात असेल, तर पारशिवनीतले डॉक्टर पुढचे निर्णय घेऊ शकतात. नाहीतर त्यांनाही ‘नागपूरला न्या’ म्हणण्यावाचून पर्याय उरत नाही.

पारशिवनीत कोणाकडे जायचं?

केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम सुरू केला. पुढे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही या सेवेचा उल्लेख आला. उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झालं, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांनी द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. म्हणजे ही सेवा मागणं म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नाही.

व्यवस्था साधारण अशी असायला हवी:

आशा ताई: गावात अंथरुणाला खिळलेलं किंवा गंभीर आजारी कोण आहे, याची नोंद त्यांच्याकडे जाते. सगळ्यात आधी त्यांना सांगा.

समुदाय आरोग्य अधिकारी आणि एएनएम सिस्टर: घरी येऊन बघणं, ड्रेसिंग, बीपी-शुगर तपासणं, घरच्यांना शिकवणं ही कामं त्यांच्याकडे आहेत. ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणंही त्या करून देऊ शकतात.

प्राथमिक आरोग्य केंद्र: तालुक्यात साटक, डोरली, नवेगाव खैरी अशा ठिकाणी ती आहेत. नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून ठेवा.

ग्रामीण रुग्णालय, पारशिवनी: सलाइन, नळी बदलणं, काही दिवस भरती करणं यासाठी आधी इथे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

कागदावरची ही साखळी प्रत्येक गावात सारखी चालत नाही. कुठे पद रिकामं असतं, कुठे प्रशिक्षण झालेलं नसतं. म्हणून संकटाची वाट न बघता, रुग्ण घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात या सगळ्यांना भेटून या. फाइल दाखवा. फोन नंबर घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

घरी रोज काय करायचं?

वही ठेवा. एका साध्या वहीत तारीख, वेळ, औषध आणि दुखणं ० ते १० पैकी किती, हे लिहा. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य. रुग्णाला बोलता येत नसेल तर बोटांनी दाखवू द्या. फोनवर डॉक्टरांना ‘खूप दुखतंय’ सांगण्यापेक्षा ‘काल ४ होतं, आज ८ आहे’ हे सांगितलं की त्यांना लगेच अंदाज येतो.

कूस बदला. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्या. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर इथली कातडी रोज बघा. लाल झालेली जागा चोळू नका, तिच्यावरचा भार काढा. दोरीच्या बाजेवर झोळ पडतो, त्यामुळे वर जाड गादी हवी. जमलं तर हवेची गादी भाड्याने किंवा विकत आणा. चादरीला सुरकुती नको, ओल तर अजिबात नको.

तोंड स्वच्छ ठेवा. मऊ ब्रश किंवा बोटाला ओलं सुती कापड गुंडाळून दिवसातून काही वेळा तोंड पुसा. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला द्या. ओठांना व्हॅसलिन लावा.

जखमेला वास येत असेल तर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या उघड्या जखमेला येणारा वास, हा रुग्णाला एकटं पाडणारा त्रास आहे. त्यावर उपाय आहे. मेट्रोनिडाझोल नावाच्या साध्या गोळीची पूड जखमेवर लावायला डॉक्टर सांगतात. जखम सलाइनच्या पाण्याने धुवायची, कोरडी पट्टी ओढून काढायची नाही, आधी भिजवायची. जखमेत अळ्या झाल्या तर लाजू नका, लपवू नका. हे घडतं, आणि सिस्टर किंवा डॉक्टर त्या काढू शकतात.

रक्तस्रावाची शक्यता असेल तर. गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल हाताशी ठेवा. गडद कापडावर रक्त कमी दिसतं, त्यामुळे रुग्ण आणि घरचे कमी घाबरतात. जागा घट्ट दाबून धरा आणि फोन करा.

नाकातल्या नळीने अन्न देत असाल तर. डोक्याकडचा भाग उंच करून बसवा. अन्न पातळ आणि गाळलेलं हवं. आधी आणि नंतर थोडं स्वच्छ पाणी सोडा. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं करू नका. नळी निघाली तर घरी घालायचा प्रयत्न करू नका.

धाप लागली तर. पाठीला उशा लावून बसवा, खिडकी उघडा, टेबल फॅनचा वारा थेट चेहऱ्यावर येऊ द्या. साधी गोष्ट आहे, पण उपयोगी पडते. भोवती जमलेली गर्दी कमी करा. प्रत्येक धापेला ऑक्सिजन लागतोच असं नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

रुग्णाला खरं सांगायचं की लपवायचं?

आपल्याकडे फाइल लपवली जाते. ‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका, खचून जातील,’ असं मुलं डॉक्टरांना सांगतात. त्यामागे प्रेमच असतं. पण रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो. मग तो घरच्यांसमोर बरं असल्याचं दाखवतो आणि घरचे त्याच्यासमोर. एकाच घरात सगळे एकटे पडतात.

सगळं एका दिवसात सांगायची गरज नाही. ‘बाबा, तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं? काही विचारायचं आहे का?’ इथून सुरुवात करता येते. त्यांना जेवढं जाणून घ्यायचं आहे, तेवढं सांगा. बोलणं सुरू झालं की बाकीचीही कामं होतात. शेताचा सातबारा, बँकेचं खातं, कुणाचं देणं-घेणं, कुणाला भेटायचं राहिलंय, शेवटी घरी राहायचंय की दवाखान्यात, हे त्यांच्याच तोंडून कळतं.

याच संदर्भात कायद्याने दिलेला एक हक्क माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरं होण्याची आशा नसताना आपल्याला व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असं माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येतं.

शेवटचे दिवस कसे ओळखायचे?

माणूस जास्त वेळ झोपतो. खाणं-पिणं आपोआप कमी होतं. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. कधी घशात घरघर वाजते. बघणाऱ्याला हे भयानक वाटतं, पण रुग्ण बहुतेक वेळा त्या अवस्थेत गुंगीत असतो.

या काळात सगळ्यात मोठा वाद जेवणावरून होतो. ‘काहीच खात नाहीत, एक सलाइन तरी लावा,’ असा आग्रह पाहुणेही धरतात. पण शरीर बंद होत असताना त्याला अन्न-पाणी पचवता येत नाही. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. जास्त सलाइनने अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. माणूस खात नाही म्हणून जात नसतो, तो जात असतो म्हणून त्याची भूक जाते. ओठ ओले करा, कुशीवर झोपवा, हात हातात घ्या, बोलत राहा. दुखण्याचं औषध मात्र बंद करू नका. गिळता येत नसेल तर दुसऱ्या मार्गाने कसं द्यायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नोंद करा. आधीपासून उपचार करत असलेल्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. विमा, वारस नोंद, पेन्शन यासाठी पुढे ते लागतं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नका, जिथून आणल्या तिथे परत करा.

पैशांची मदत कुठून मिळेल?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. घरच्या काळजीचा खर्च, म्हणजे डायपर, गादी, ड्रेसिंगचं सामान, बुडालेली मजुरी हे त्यात येत नाही. घराला खरी झळ याचीच बसते.

कॅन्सर, अर्धांगवायू, क्षयरोग यांसारख्या आजारांमुळे कमावता न येणाऱ्या गरीब रुग्णांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. वय ६५ च्या आत असेल आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल तर तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. एसटीच्या प्रवासात काही गंभीर आजारांच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे, त्याबद्दल आगारात चौकशी करा.

आणि सेवा करणाऱ्याचं काय?

बहुतेक घरांत ही सेवा एकाच बाईच्या वाट्याला येते. बायको, सून किंवा मुलगी. तीच रात्री उठते, तीच धुणं धुते, आणि सकाळी शेतावरही तीच जाते. तिची पाठ, तिची झोप, तिची मजुरी यांबद्दल कोणी विचारत नाही.

भेटायला येणाऱ्यांनी फळं आणण्यापेक्षा ‘आज रात्री मी बसतो, तू झोप’ असं म्हणणं जास्त उपयोगाचं आहे. पाळ्या लावा. घरातल्या पुरुषांनीही कूस बदलायला, पट्टी करायला शिका. सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलता येतं.

गाव मिळून हे करू शकतं का?

केरळने करून दाखवलंय. कोझिकोडमध्ये १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी एक छोटं वेदना उपचार केंद्र सुरू केलं. पुढे लक्षात आलं, की प्रत्येक घरी डॉक्टर जाऊ शकणार नाही. मग गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिलं. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार आठवड्यातले काही तास शेजारच्या रुग्णासाठी देऊ लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं स्वतंत्र धोरण आणलं आणि पंचायतींच्या मदतीने नर्स घरोघरी जाऊ लागल्या.

आपल्याकडे ग्रामसभा आहे, बचत गट आहेत, आशा ताई आहेत. दोन हवेच्या गाद्या, एक व्हीलचेअर आणि एक कमोडची खुर्ची ग्रामपंचायतीने घेऊन ठेवली आणि गरजूला वापरायला दिली, तरी एका गावाचा मोठा प्रश्न सुटतो. हा विषय पुढच्या ग्रामसभेत कोणीही मांडू शकतं.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

• ‘घरी घेऊन जा’ म्हणजे उपचार संपले असं नाही. दुखण्यावर उपचार शेवटपर्यंत असतात.
• नागपूरहून निघण्याआधी औषधांची सोय, फोन नंबर आणि गावच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घ्या.
• मॉर्फिनला घाबरू नका, पण मनाने डोस बदलू नका.
• पहिल्याच आठवड्यात आशा ताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.
• सेवा करणाऱ्या माणसाला झोपू द्या.

तुमच्या ओळखीत एखाद्या घरात असा रुग्ण असेल, तर हा लेख त्यांना पाठवा. शक्य असेल तर स्वतः जाऊन वाचून दाखवा. रात्री दोन वाजता नागपूरला निघावं लागू नये, याची तयारी दिवसाउजेडीच करावी लागते.